मदत हवी आहे: पुणे–कोलकाता विमान, आईचा उपवास आणि बाबांचं इन्सुलिन

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आई-बाबांना नवरात्रात बहिणीकडे कोलकात्याला पाठवायचं आहे. बाबा ७४, आई ६९. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास आणि सोबत कोणी नाही. आम्ही कराडचे, त्यामुळे लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, पोचायलाच चार तास धरावे लागतात.

तिकिटापेक्षा खाण्याचीच काळजी जास्त आहे. बाबा जेवणाआधी इन्सुलिन घेतात. आईचे उठता-बसता उपवास असतात आणि बहिणीला सोयीची तारीख नेमकी घट बसतात तीच. (घट थोरल्या काकांकडे बसतात. आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद "देव्हारा सोडून कसं जायचं" असा येईल.) एरवीही चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नाही.

तारीख पुढेमागे करून पाहिली, पण दुर्गापूजेमुळे कोलकात्याची भाडी सगळीकडेच चढलेली आहेत. पुण्याहून थेट विमान दुपारी पाऊणचं आहे, पण त्यात जेवण वेगळं विकत घ्यायचं. दुसरा पर्याय एअर इंडियाचा, दिल्लीमार्गे. त्यात जेवण तिकिटातच आहे, पण दिल्लीत तीन तास बसायचं. तिसरं म्हणजे एका बुकिंग ॲपवर हैदराबादमार्गे पाच-सहाशे रुपयांनी स्वस्त दिसतंय. बाबांचं म्हणणं, "जेवण देतात ना, मग दिल्लीवरूनच जाऊ. पैसे वसूल." काय करू? ज्येष्ठ नागरिकांची सवलत घेण्यात अर्थ असतो का? आणि घरचा डबा नेऊ देतात का?

---

लोहगावकर

थेट विमान घ्या. एका जेवणापायी दोन वयस्कर माणसांना दोनदा चढ-उतार करायला लावू नका.

हैदराबादमार्गे जे स्वस्त दिसतंय, त्यात पीएनआर (तिकिटाचा बुकिंग क्रमांक) एक आहे की दोन ते आधी बघा. ही ॲपं पुष्कळदा दोन वेगवेगळी तिकिटं जोडून एकच प्रवास असल्यासारखा दाखवतात. पीएनआर दोन असतील तर हैदराबादला सामान उतरवून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा रांग लावून सामान द्यायचं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. तरुण पोरांनी करावेत असले उद्योग.

बुकिंग शक्यतो कंपनीच्या साइटवरून करा. ॲपवरची सवलत शेवटच्या पानावर सुविधा शुल्क लागलं की बरीचशी विरते. शिवाय वेळ बदलली किंवा विमान रद्द झालं तर परतावा त्यांच्यामार्फत येतो आणि तिथे कंपनी ॲपकडे बोट दाखवते, ॲप कंपनीकडे. कुठूनही काढा, पण संपर्क म्हणून मोबाइल नंबर तुमचा द्या. वेळ बदलल्याचा संदेश बाबांच्या फोनवर गेला तर तो विम्याच्या जाहिरातींखाली गाडला जाईल.

नावं आधारवर आहेत अगदी तशीच टाका. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असा घोळ नेहमीचा. चूक झालीच तर २४ तासांच्या आत कळवा. थेट कंपनीच्या साइटवरून काढलेलं असेल तर तेवढ्या वेळात नावातली दुरुस्ती फुकट करून देतात, डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा, तसा नियम आहे. प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवकाश असेल तर ४८ तासांच्या आत तिकीट दंडाशिवाय रद्दही करता येतं.

ज्येष्ठांची सवलत फक्त मूळ भाड्यावर असते. विमानतळाचं शुल्क, कर वगैरे सगळं पूर्ण भरावं लागतं. त्यामुळे दोन्ही पर्याय उघडून शेवटची रक्कम ताडून बघा, कधीकधी साधं तिकीटच स्वस्त निघतं. सवलत घेतलीत तर वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र हातात हवंच.

---

गवतीचहा

विमानाला जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं जेवण विमानात शिजतं. ते आदल्या रात्री किंवा पहाटे जमिनीवर शिजतं, लगेच फ्रीजच्या तापमानाला आणतात, तसंच गाडीतून विमानात चढवतात आणि वर फक्त ओव्हनमध्ये तापवतात. म्हणून कुरकुरीत काही मिळत नाही आणि म्हणूनच पनीर नाहीतर रस्साभाजी ठरलेली. वर केबिनची हवा इतकी कोरडी असते की मीठ आणि गोड दोन्ही कमी लागतं. साहजिकच स्वयंपाक्याचा हात मसाल्याला सढळ होतो.

थेट विमानात विकत मिळतं ते बहुतेक थंड सँडविच, रोल आणि गरम पाणी ओतून होणारा उपमा, पोहे, नूडल्स. हल्ली पोह्यांचा डबा उघडला की शेजारचे चार जण माना वळवतात! पण त्यात मीठ भरपूर असतं आणि सगळा कर्बोदकांचाच कारभार. मधुमेहाच्या माणसाला ते जेवण म्हणून पुरेसं नाही.

खास जेवण हवं असेल तर साधारण २४ तास आधी नोंदवावं लागतं. यादीत व्हीजेएमएल म्हणजे जैन, एव्हीएमएल म्हणजे मसालेदार भारतीय शाकाहारी, डीबीएमएल म्हणजे मधुमेहींसाठी. प्रत्येक मार्गावर सगळे प्रकार नसतात. ट्रे मोजूनच चढतात, त्यामुळे ऐनवेळी हवाईसुंदरीला विनवून उपयोग नाही, तिच्याकडे जादा ट्रे नसतोच.

---

सुगरण

आमच्या घरी इन्सुलिन बरीच वर्षं चालू आहे, म्हणून तेवढंच सांगते.

"जेवणाआधी पंधरा मिनिटं" ही घरची सवय विमानात चालत नाही. उड्डाणाला उशीर होतो, वर गेल्यावर हवा खराब असली तर ट्रॉली थांबवून ठेवतात, आणि तुम्ही मागच्या रांगेत असलात तर अन्न पोचेपर्यंत तास जातो. इन्सुलिन घेऊन झालंय आणि जेवण आलं नाही, ही खरी भीती. साखर खाली जाते. आम्ही अन्न समोर आल्याशिवाय इन्सुलिनचं पेन काढतच नाही. तुमच्या डॉक्टरांना तारीख आणि वेळा सांगून डोस कसा घ्यायचा ते विचारून ठेवा, कारण प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं असतं.

पेन, सुया, ग्लुकोमीटर सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत अजिबात नको. खाली सामानाच्या कप्प्यात थंडीने इन्सुलिन खराब होऊ शकतं आणि बॅग उशिरा आली तर हाल. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या, म्हणजे सुरक्षा तपासणीत अडवत नाहीत. वापरात असलेलं पेन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे टिकतं, तेव्हा बर्फाची उठाठेव करू नका. कराड-पुणे गाडीत उन्हात मात्र ठेवू नका. आणि खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या. आईंच्याही पर्समध्ये ठेवा, कारण ऐनवेळी त्याच शोधणार आहेत.

जागा पुढच्या भागात आणि बाबांना कडेची घ्या. थोडे पैसे पडतील, पण स्वच्छतागृहासाठी दोघांना उठवत बसावं लागत नाही.

---

कृष्णाकाठ

बाप रे, ट्रॉली उशिरा येण्याचा विचारच केला नव्हता. धन्यवाद सगळ्यांना. दिल्ली रद्द. बाबा अजून कुरकुरताहेत, पण इन्सुलिनचं वाचून दाखवल्यावर गप्प बसले.

आईसाठी एकच शंका. जैन जेवण नोंदवलं तर उपवासाला चालेल का? कांदा-लसूण तर नसतोच त्यात.

---

गवतीचहा

नाही चालणार. जैन जेवणात कांदा-लसूण, बटाटा वगैरे कंद नसतात, पण गहू, तांदूळ, डाळ सगळं असतं. तुमच्या आईंना बटाटा, रताळं चालतं आणि पोळी-भात चालत नाही. म्हणजे बरोबर उलटं. बाकीच्या चातुर्मासात मात्र जैन जेवण उत्तम.

नवरात्रात काही कंपन्या उपवासाची थाळी ठेवतात, पण ती उत्तरेकडच्या पद्धतीची. कुट्टूच्या (बकव्हीटच्या पिठाच्या) पुऱ्या, मखाणे, सैंधव. कुट्टू आपल्याकडे सगळ्या घरांत चालत नाही. आईंना विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

---

अधिक_मास

डबा न्या की! घरचं कोरडं खाणं न्यायला कोणी अडवत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना उगीच वाटतं की विमानात डबा उघडला तर कोणी रागावेल.

आईंसाठी राजगिऱ्याचे लाडू, उपवासाची थालीपीठं, उकडलेली रताळी, खजूर, केळी. साबुदाण्याची खिचडी देऊ नका. सकाळी सहाला केलेली खिचडी दुपारी दोनला रबर होते आणि दाण्याच्या कुटाचा वास सगळ्या केबिनभर. (खिचडीवाले येतील आता भांडायला.) बाबांसाठी मेथीचे ठेपले किंवा धपाटी, सोबत सुकी मटकीची उसळ आणि काकडी. दही, ताक, पातळ भाजी नको, तपासणीत वाद होतात आणि हवेच्या दाबाने डब्याची झाकणं वर येतात.

लोणचं, तूप, तेलातली चटणी मोठ्या बॅगेत ठेवा, हातात नको. आणि सुकं खोबरं कुठेच नको. ते हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि सामानातही नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही धरतात. मुलीकडे जाताना ओटीसाठी म्हणून खोबऱ्याच्या वाट्या भरल्या असतील तर आत्ताच काढा.

हातातली पिशवी सात किलोची आणि सामान माणशी पंधरा. कराडहून निघताना आई लोक काय काय भरतात ते माहीत आहे, घरीच वजन करा.

---

लोहगावकर

अजून दोन गोष्टी राहिल्या.

विमान रखडलं तर फुकट खाणं-पाणी देण्याचा नियम आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की, आणि अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास झाले की. पुणे-कोलकाता अडीचच्या आगेमागे असल्याने तिकिटावरची वेळ बघून ठेवा. मिळतं ते बहुधा सामोसा किंवा सँडविच आणि ज्यूस, म्हणजे तुमच्या दोघांच्याही उपयोगाचं नाही. तरी बाबांनी काउंटरवर "मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे" असं स्पष्ट सांगावं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्हाला हवं ते मागता येतं.

बाबांना फार चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. सोबतचा माणूस तपासणीतून गेटपर्यंत नेतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांना तेवढाच आधार. वेब चेक-इन तुम्ही घरी करून बोर्डिंग पासचा कागद छापून द्या. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) ऐच्छिक आहे, त्या भानगडीत पडू नका. सामान द्यायचं काउंटर एक तास आधी बंद होतं, म्हणजे पाऊणच्या विमानाला पावणेबाराला. खंबाटकी घाट आणि पुण्यातली गर्दी धरून सकाळी सहाला निघा.

---

कृष्णाकाठ

थेट विमानाची तिकिटं कंपनीच्या साइटवरून काढली. साधं भाडंच सवलतीपेक्षा स्वस्त निघालं. पाचव्या रांगेत जागा, बाबांना कडेची. जेवण काही नोंदवलं नाही. खोबऱ्याच्या वाट्या खरोखरच निघाल्या बॅगेतून! आईने त्यांच्या जागी सुपाऱ्या भरल्या.

शेवटचं विचारते. दसऱ्यानंतर परत येताना बहीण रसगुल्ले दिल्याशिवाय सोडणार नाही. आणता येतात का? आणि कोलकात्याच्या विमानतळावर बाबांना काही परवडेल असं मिळेल का? दोनशे रुपयांचा चहा बघून ते परत घराकडे वळतील.

---

अधिक_मास

रसगुल्ल्यांचा बंद पत्र्याचा डबा मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. पाकामुळे तो हातात नेऊ देत नाहीत. संदेश ही मिठाई कोरडी असते, ती हातातून चालते. मिष्टी दोईचं (गोड दह्याचं) मडकं मात्र तिथेच संपवून या.

चहासाठी उडान यात्री कॅफे विचारा. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हा पहिला कॅफे कोलकात्यालाच सुरू केला. सुरू झाला तेव्हा चहा दहा रुपये, सामोसा वीस. गर्दी असते, आधी चहा घेऊन मग गेटकडे जा.