तारण कृपेनं फुकट मिळतं तर मग स्वर्गात प्रतिफळ कशाचं?

शाहूपुरीची_लेक
सलाम सगळ्यांना. मी कोल्हापूरचीच, लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेय, त्यामुळं स्वर्ग, मुगुट, प्रतिफळ हे शब्द कानावरून भरपूर गेलेत पण कधी बसून विचार केला नव्हता. मध्यंतरी माझी आत्या प्रभूकडे गेली. आयुष्यभर नर्स होती, लग्न केलं नाही, ड्युटी संपली तरी पेशंटच्या उशाशी बसून प्रार्थना करायची, पगार निम्मा लोकांच्या औषधात जायचा. माती देताना पाळकसाहेब म्हणाले की आता तिच्यासाठी मुगुट ठेवलेला आहे. ऑफिसातली मैत्रीण आली होती, ती हिंदू, तिनं नंतर अगदी मनापासून विचारलं की तुम्ही तर म्हणता तारण, म्हणजे पापातून सुटका, कामानं मिळत नाही, मग हा मुगुट कशाचा? मला उत्तरच देता आलं नाही. आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला तो चोर, ज्याला येशू म्हणाला तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील (लूक २३:४३), त्याला आणि आत्याला सेमच मिळणार का? सेम असेल तर मला वाईट वाटतंय आणि सेम नसेल तर तिथं पण लहान-मोठा आलाच की. शिवाय बक्षिसासाठी चांगलं वागणं हा स्वार्थच झाला ना, असं कुणी आत्याबद्दल म्हटलं तर मला सहन होणार नाही. प्लीज वचनांसकट सांगा.

जुनं_मिशन_कंपाउंड
सलाम ताई, आत्याबाईंबद्दल वाचून डोळे भरले. सगळ्यात आधी तारण आणि प्रतिफळ वेगळं करा, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. इफिस २:८-९ सरळ म्हणतं तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कामानं नाही. पण लगेच दहावं वचन म्हणतं की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय, ते आपण बरेचदा वाचतच नाही. आता १ करिंथ ३ उघडा. पाया एकच, ख्रिस्त. त्यावर कुणी सोनं, रुपं, मोलवान पाषाण लावून बांधतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा. मग अग्नी प्रत्येकाच्या कामाची पारख करतो, ज्याचं टिकलं त्याला प्रतिफळ आणि ज्याचं जळालं त्याचं नुकसान होईल पण तो स्वतः वाचेल, आगीतून बाहेर पडावा तसा. म्हणजे विश्वासणाऱ्याच्या कामाचा हिशोब आहे, २ करिंथ ५:१० मधलं ख्रिस्ताचं न्यायासन तेच, पण तिथं स्वर्ग की नरक हे ठरत नाही.

मुगुट म्हणाल तर नव्या करारातले सहसा हे पाच सांगतात: अविनाशी मुगुट (१ करिंथ ९:२५), आनंदाचा (१ थेस्सल २:१९), नीतिमत्त्वाचा (२ तीमथ्य ४:८), जीवनाचा (याकोब १:१२) आणि गौरवाचा (१ पेत्र ५:४). शेवटचा मंडळीची (म्हणजे चर्चच्या लोकांची) राखण करणाऱ्या वडिलांसाठी, म्हणजे पुढाऱ्यांसाठी आहे, याकोबातला परीक्षेत टिकणाऱ्यासाठी. आणि मला सगळ्यात धीर देणारं वचन १ करिंथ ३:८, प्रत्येकाला आपापल्या श्रमाप्रमाणे मजुरी मिळेल. श्रमाप्रमाणे म्हटलंय, यशाप्रमाणे नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हा इथं मंडळी नव्हतीच, रोज संध्याकाळी आज किती जण आले हे मोजत बसले असते तर माणूस खचून गेला असता. आत्याबाईंचे किती पेशंट बरे झाले हे तिथं कुणी विचारणार नाही.

रंकाळा_संध्या
वरच्या दादांचं बरचसं पटतं पण पाच मुगुटांची यादी करून पाच मेडल असल्यासारखं शिकवतात ते मला जरा खटकतं. पौल, याकोब, पेत्र वेगवेगळ्या मंडळींना लिहितायत, कुणीच यादी केलेली नाही, आणि जीवनाचा मुगुट म्हणजे सार्वकालिक जीवनच असं बरेच अभ्यासक मानतात, मला पण तेच बरोबर वाटतं. प्रकटीकरण ४:१० मध्ये तर चोवीस वडील आपले मुगुट सिंहासनापुढं टाकून देतात. मिरवायला कुणी ठेवतच नाही.

ताई, तुमच्या चोराच्या प्रश्नाचं उत्तर मत्तय २० मध्ये आहे, पण ते १९ पासून वाचायला लागतं. पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो तर आम्हाला काय मिळणार? तुमचाच प्रश्न आहे हा. येशू त्याला रागावत नाही, म्हणतो शंभरपट मिळेल, आणि लगेच द्राक्षमळ्याचा दाखला सांगतो. सकाळपासून उन्हात राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला मालक सारखीच दिवसाची मजुरी देतो, पहिले कुरकुरतात, तर मालक म्हणतो तुझा हक्क मी मारला का, मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यात का खुपतं? दोन्ही उत्तरं एका दमात दिलीत, म्हणून एकच धरून चालत नाही. तुमचं किंचितही वाया जाणार नाही, गार पाण्याचा प्याला सुद्धा (मत्तय १०:४२), पण दुसऱ्याला काय मिळालं ते बघून हिशोब मांडायचा नाही.

आणि स्वार्थाचं म्हणाल तर मत्तय २५:३७ बघा. ज्यांना राज्य मिळतं ते चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? त्यांना आठवतच नाही. बक्षिसासाठी केलेल्या माणसाला पैन् पै आठवते. तुमच्या आत्या कुठल्या बाजूच्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

नागाळा_पार्क_कॅथलिक
मी कॅथलिक आहे, आमच्याकडची बाजू पण थोडी मांडतो कारण आम्ही कामानं स्वर्ग विकत घेतो असा समज फार आहे. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की सार्वकालिक जीवन ही कृपा आहे आणि प्रतिफळ सुद्धा, कारण चांगलं काम करायची ताकद ख्रिस्ताकडूनच येते. संत ऑगस्टीन त्याच्याही हजारभर वर्षं आधी म्हणून गेले की देव आपल्या पुण्याईला मुगुट घालतो तेव्हा स्वतःच्याच देणग्यांना मुगुट घालत असतो. करिंथमधला अग्नी आमच्यात बरेच जण शुद्धिस्थानाशी (मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेशी) जोडतात, तुम्ही प्रॉटेस्टंट ते मानत नाही, तो वाद इथं नको.

लहान-मोठ्याचं मात्र आमच्या चर्चनं १४३९ ला फ्लॉरेन्सच्या परिषदेत सांगितलंय, सगळे देवाला समोरासमोर पाहतात, पण कुणी अधिक पूर्णपणे पाहतं. मजा म्हणजे अठराव्या शतकातले अमेरिकन धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स, पक्के प्रॉटेस्टंट, ते पण तेच म्हणतात: समुद्रात तांब्या टाका नाहीतर घागर, दोन्ही काठोकाठ भरतात. तांब्याला कमी पडलं असं वाटत नाही, आणि तिथं प्रेम पूर्ण असल्यामुळं दुसऱ्याची घागर बघून आनंदच होतो. चोर पण भरलेला, आत्या पण भरलेल्या.

पंचगंगेकाठचा_वारकरी
मी ख्रिस्ती नाही पण विषय आवडला म्हणून विचारतो. आमच्यात स्वर्ग म्हणजे पुण्य आहे तोवरचा मुक्काम, गीतेच्या नवव्या अध्यायात आहेच की पुण्य सरलं की परत मृत्युलोकात. म्हणून तुकोबा मुक्ती पण मागत नाहीत, संतसंग मागतात आणि त्यासाठी परत जन्माला यायची तयारी दाखवतात. तुमच्याकडं ते प्रतिफळ संपतं का कधी?

रंकाळा_संध्या
माउली, प्रश्न लई चांगला विचारलात. नाही, संपत नाही, कारण ते कमाईवर उभं नाही. अजून एक फरक, जो आमच्यातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतो: आमची शेवटची आशा आत्मा ढगात जाऊन राहण्याची नाही, शरीराचं पुनरुत्थान (१ करिंथ १५) आणि नवं आकाश, नवी पृथ्वी (प्रकटीकरण २१). नगर वरून खाली उतरतं आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. मत्तय २५ मध्ये पाच आणि दोन तालांत (तेव्हाची मोठी रक्कम) कमावलेल्या दोन्ही दासांना धनी शब्दाला शब्द एकच सांगतो, आपल्या धन्याच्या आनंदात ये. लूक १९ मध्ये तर बक्षीस म्हणून दहा नगरांचा कारभार देतो, म्हणजे आराम नाही, आणखी मोठं काम. तुकोबांना संतसंग हवा होता, आम्हाला ख्रिस्ताचा सहवास, हे मला तरी जवळचं वाटतं. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणायचेच की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

शाहूपुरीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. मत्तय २५:३७ मैत्रिणीला पाठवलं, ती म्हणाली हे मला आधी का नाही सांगितलंस. येत्या रविवारी भक्तीनंतर तरुण संघात हाच विषय घेतेय, वेळ फक्त अर्धा तास असतो. १ करिंथ ३ आणि मत्तय १९-२० एवढंच घेऊ का अजून काही?

जुनं_मिशन_कंपाउंड
लूक १४:१२-१४ घ्या, तीनच वचनं आहेत. जेवण घालशील तर परतफेड न करता येणाऱ्यांना बोलाव, नीतिमानांच्या पुनरुत्थानात तुझी फेड होईल. आणि पोरांना वाचून दाखवू नका, त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावा.