बालअतिदक्षता सप्ताह: रोषणाई, व्हेंटिलेटर की शब्दांचं कार्ड?

प्रेषक: मंजिरी, सचिव
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागांविषयी जगभर जागृती व्हावी म्हणून एक सप्ताह पाळला जातो. त्यानिमित्ताने आपल्या इथल्या, ब्रिटनमधल्या, मराठी मंडळाने काय करावं यावर कार्यकारिणीत तीन सूचना आल्या. हॉलवर रोषणाई आणि पोस्टर. कुणाचं मूल पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात, असेल तर त्या घरी डबे. आणि वर्गणी काढून महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाला व्हेंटिलेटर. यादीवर या क्षेत्रात रोज काम करणारे बरेच जण आहेत. कशाचा खरंच उपयोग होईल ते मोकळेपणी लिहा. बैठक रविवारी आहे.

मंजिरी

—

प्रेषक: शलाका, पीआयसीयू नर्स

मंजिरीताई,

मंडळाने एकच गोष्ट करायची ठरवली तर मी म्हणेन, मराठी घरातल्या मुलासाठी शब्दांचं कार्ड करा. इथल्या पीआयसीयूत यंत्रं आहेत, तज्ज्ञ आहेत. आईबाबा जरा डोळा लागावा म्हणून खोलीवर गेलेले असताना, रात्री तीन वाजता, ‘शू’ म्हणजे काय हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

श्वासाची नळी घशात असेपर्यंत मुलाला मॉर्फीन, मिडॅझोलाम, क्लोनिडीन अशा औषधांनी झोपवून ठेवतात. ती कमी करत आणली की मूल अर्धवट जागं होतं, आणि तेव्हा तोंडात येते ती घरातली भाषा. नर्सरीतलं इंग्रजी त्या वेळी आठवत नाही. नळी नुकतीच काढलेली असेल तर आवाजही बसलेला असतो. याच टप्प्यावर मुलाला भ्रम झाला आहे का हे बऱ्याच विभागांत प्रत्येक पाळीत एका तक्त्यावर मोजतात. आठ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, बेरीज 9 किंवा वर गेली की भ्रमाची शंका धरायची. त्यातला एक प्रश्न असा: मूल आपली गरज सांगू शकतं का? मूल सांगत असतं, नर्सला कळत नसतं, आणि गुण वाढतात.

आपली बाळबोली इंग्रजी कानाला भलतीच ऐकू येते. ‘शू’ म्हणजे बूट. ‘शी’ म्हणजे कुणीतरी ‘ती’. ‘मम्मं’ म्हटलं की वाटतं आईला बोलावतंय, आणि मूल तर भुकेलं असतं. ‘पापा’ म्हटलं की वडिलांना शोधायला जातात, त्याला हवा असतो गालाचा पापा. ‘बाऊ झाला’ हे दोन शब्द कळले नाहीत तर दुखण्याचं औषध लांबतं.

मानेचंही तसंच. नळी असताना मूल मानेनेच उत्तर देतं. आजी-आजोबांच्या हाताखाली वाढलेलं मूल ‘हो’साठी मान बाजूला कलती करतं, ती इथे ‘नाही’ म्हणून वाचली जाते. हे कार्डावर चित्र काढूनच दाखवावं.

कार्ड ए-फाइव्ह आकाराचं असावं, 12 ते 15 शब्द पुरेत. मराठी शब्द रोमन लिपीत, तोडून, शेजारी इंग्रजी अर्थ. लॅमिनेट केलेलंच हवं. साधा कागद पुसता येत नाही, म्हणून खोली साफ करताना तो टाकून देतात. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत घरातलं नाव. नोंदीत ‘अथर्व’ असतं आणि मूल ‘सोनू’ला डोळे उघडतं.

आता नाजूक विषय. मनगटातला काळा दोरा, कमरेचा करदोटा, वाळे, गळ्यातला ताईत, हे सगळं दाखल होतानाच काढून घरच्यांकडे द्यावं. जंतुसंसर्गात शरीरात पाणी साठून मुलाला सूज येते आणि काल सैल असलेला दोरा आज मांसात रुततो. चांदीचा करदोटा तर एमआरआयच्या खोलीत चालतच नाही. अंगारा, तीर्थ, मध, तुळशीचं पान तोंडात घालायचं नाही. नळी असलेल्या मुलाला गिळता येत नाही, ते सरळ फुप्फुसात जातं. अंगाऱ्याची पुडी बंद पिशवीत घालून खाटेच्या डोक्याशी लावू द्याल का, असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. विचारायला संकोच करू नका.

शलाका

—

प्रेषक: सुहासकाका, दुभाषी

शलाका, कार्डाची कल्पना फार चांगली आहे. मोठ्यांच्या भाषेबद्दल मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत.

एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषी विनामूल्य मिळतो, प्रत्यक्ष किंवा फोनवर. मागताना ‘मराठी’ असं स्पष्ट सांगावं. नुसतं ‘इंडियन’ सांगितलं की हिंदी किंवा गुजराती दुभाषी येतो, आजी मान डोलावत राहतात आणि सगळ्यांना वाटतं त्यांना समजलं. मोठ्या भावंडाकडून भाषांतर करून घेऊ नये. बारा वर्षांच्या मुलीला आपल्या भावाविषयी ‘मेंदूला इजा’ हे शब्द उच्चारायला लावणं क्रूर आहे. शिवाय घरचं माणूस वाईट भाग गाळतंच.

दुसरं, शब्दांचे अर्थ. इथले डॉक्टर ‘व्हेरी पूअरली’ म्हणतात तेव्हा जिवाला धोका आहे असं सांगत असतात. आपल्या कानाला ते थोडं बरं नसल्यासारखं लागतं. ‘सिक’चंही तेच. ‘स्टेबल’ म्हणजे गेल्या काही तासांत आकडे बदललेले नाहीत, एवढंच. मूल तरीही व्हेंटिलेटरवर असू शकतं. साताऱ्याला फोनवर ‘स्थिर आहे’ म्हटलं की तिकडे पेढे आणतात, आणि दुसऱ्या दिवशीची बातमी कुणाला झेपत नाही. ‘सेडेटेड’ला ‘बेशुद्ध’ म्हणू नये, ‘औषधाने झोपवलंय’ म्हणावं. कार्डाच्या मागच्या बाजूला असे आठ-दहा शब्द मराठीत उलगडून द्यावेत. मी लिहून देतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी देण्याचं काम एकाच माणसाकडे असावं. आईबाबांपैकी कुणी नको, मावशी किंवा जवळचा मित्र. रोज संध्याकाळी एक संदेश, बस. पन्नास जणांनी ‘आता कसं आहे?’ विचारलं की पन्नास वेळा तेच सांगावं लागतं.

सुहास

—

प्रेषक: नेहा

डब्याचं काय? मी आणि अजून सहा-सात जणी तयार आहोत. वरणभात, भाजी, पोळी असा पूर्ण डबा दोन्ही वेळा देऊ शकतो.

—

प्रेषक: शलाका

नेहा, डबे जरूर द्या, फक्त थोडे वेगळे.

खाटेजवळ जेवता येत नाही. पालकांच्या खोलीत एक फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो, आणि नाव-तारीख नसलेला डबा तिथून काढून टाकतात. चिठ्ठी झाकणावर नको, डब्यावर चिकटवा, झाकणं बदलतात. एका माणसाचा एक घास-दोन घास करत संपेल असा छोटा डबा, परत करायची गरज नसलेला. स्टीलचे पुडाचे डबे धुवायला जागा नसते. दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले, गूळपोळी, उकडलेली अंडी, हे गार खाता येतं आणि एका हाताने खाता येतं. दहीभात तीन तास बाहेर राहिला की आंबतो. शेंगदाण्याचं कूट अजिबात नको, शेजारच्या मुलाला अ‍ॅलर्जी असू शकते. लसणाची खमंग फोडणी एरवी छान. त्या बंद खोलीत इतर घरांचेही लोक रडत बसलेले असतात.

अंगावर पाजणारी आई असेल तर ती मूल पीत नसतानाही दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा पंपाने दूध काढत असते, रात्रीसुद्धा. तिच्यासाठी डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू आणि पाण्याची मोठी बाटली सगळ्यांत आधी.

डबा मुख्य दारापाशी ठरलेल्या माणसाकडे द्या, वॉर्डात जाऊ नका. सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमारास नर्सेसची पाळी बदलते, ती वेळ टाळा. संदेश असा लिहा: ‘खाली दिलाय, उत्तर नको.’ आणि सात जणींनी पहिल्याच आठवड्यात सगळं करू नका. पहिले चार दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. धाकट्याला शाळेतून आणणं, पार्किंगचा सवलतीचा पास नर्सकडे मागून घेणं, घरी जाऊन कपडे धुणं, ही कामं डब्याइतकीच मोलाची आहेत.

ज्यांच्या घरी कांजिण्या आल्या आहेत किंवा जे गेल्या 3 आठवड्यांत कांजिण्यांच्या संपर्कात आले आहेत त्यांनी रुग्णालयाच्या आसपासही जाऊ नये. आणि हाताला नुसतं जेल पुरत नाही. उलट्या-जुलाबाचे काही जंतू जेलने मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं.

—

प्रेषक: अमोल, वैद्यकीय उपकरण अभियंता

व्हेंटिलेटरबद्दल मी आग्रहाने ‘नको’ म्हणतो.

व्हेंटिलेटर एकटा चालत नाही. त्याला भिंतीतून सुमारे 4 बार दाबाने ऑक्सिजन आणि हवा लागते, वीज गेली तर तग धरणारी सोय लागते. मुलाच्या मापाची सर्किट्स (यंत्रापासून मुलापर्यंतच्या नळ्या), फिल्टर, ओलावा देणारं यंत्र आणि त्यासाठी निर्जंतुक पाणी लागतं. फ्लो सेन्सर आणि ऑक्सिजन सेल (हवेचा प्रवाह आणि ऑक्सिजन मोजणारे भाग) ठरावीक काळाने बदलावे लागतात. मोठ्या माणसाचं सर्किट तान्ह्याला लावलं तर आत ढकललेल्या हवेचा बराच भाग नळ्या फुगवण्यातच जातो. सेन्सर संपला, सुटा भाग मागवायला पैसे नाहीत, की यंत्र चादर पांघरून कोपऱ्यात जातं. आणि माणसं? इथल्या मानकांप्रमाणे व्हेंटिलेटरवरच्या मुलामागे एक नर्स, चोवीस तास. सुट्ट्या-आजारपण धरून एका खाटेला सुमारे 7 नर्सेस.

अतिदक्षतेची सुरुवातही माणसांपासूनच झाली. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ होती. 27 ऑगस्टला ब्लेगडॅम रुग्णालयात 12 वर्षांच्या व्हिव्ही एबर्टच्या श्वासनलिकेत नळी घालून भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. पुढे शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, तासन्‌तास, तसंच केलं. तीन वर्षांनी, 1955 मध्ये, योरान हाग्लुंड यांनी स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला खास मुलांसाठी असा विभाग सुरू केला.

स्वस्त उपायाचंही तेच आहे. ढाक्यात न्यूमोनियाच्या मुलांना, एक टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेल्या नळीने, म्हणजे बबल सीपॅपने, श्वासाला आधार दिला. नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा मृत्यू कमी झाले; अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या मलावीत जिल्हा रुग्णालयात, डॉक्टरांची रोजची देखरेख नसताना, तसाच उपाय करून पाहिला तेव्हा 2019 च्या निष्कर्षांत मृत्यू उलट जास्त निघाले. उपाय तोच होता. फरक शेजारी उभ्या असलेल्या माणसांत होता.

वर्गणी काढायचीच असेल तर त्या रुग्णालयाला आधी विचारा: पल्स ऑक्सिमीटरचे मुलांच्या मापाचे प्रोब (बोटाला लावायचा भाग) आहेत का? सक्शनच्या, म्हणजे कफ ओढून काढायच्या, नळ्या? नर्सेसच्या प्रशिक्षणाचा खर्च? प्रोब वर्षभरात तुटतात आणि कुणी देणगीत देत नाही. तिकडच्या संस्थेला इथून पैसे पाठवायचे तर तिची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची भारत सरकारची परवानगी) आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं असल्याची खात्री करा, नाहीतर रक्कम अडकते.

अमोल

—

प्रेषक: प्रसाद, बालरोगतज्ज्ञ

पोस्टर करणार असाल तर त्यावर मेणबत्ती नको, मूल पीआयसीयूत जाण्याआधीची चिन्हं हवीत, आणि आपल्या कातडीवर दिसतील अशी. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की त्वचा फिकट, निळसर, जाळीदार दिसते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सावळ्या मुलात ते दंडावर दिसत नाही. तळहात, तळपाय, ओठ, जीभ आणि खालची पापणी ओढून आतला भाग बघा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, बाळ कण्हतंय का, उठवूनही उठत नाही का, 12 तासांत लघवी नाही का. काचेचा पेला दाबूनही न जाणारे पुरळ. यातलं काहीही असेल तर रुग्णवाहिकेसाठी 999. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून घरी ‘95 आहे’ एवढ्यावर थांबू नये.

जवळच्या रुग्णालयात बहुधा पीआयसीयू नसतो. तिथे मुलाला स्थिरावतात आणि न्यायला खास पथक येतं. यॉर्कशायरमध्ये एम्ब्रेस, वेस्ट मिडलंड्समध्ये किड्स, उत्तर लंडन आणि ईस्ट अँग्लियासाठी कॅट्स. पथक आल्यावरही निघायला तास-दोन तास लागतात. नळ्या पक्क्या करणं, औषधं पंपांवर चढवणं हे सगळं उभ्या जागी करावं लागतं, चालत्या गाडीत नाही. तो उशीर हलगर्जीपणा नसतो. एका पालकाला बहुतेक वेळा सोबत घेतात. दुसऱ्याने रुग्णवाहिकेच्या मागे गाडी दामटू नये. पत्ता, वॉर्डाचा फोन घ्यावा आणि शक्यतो गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी. लाल पुस्तक (मुलाच्या आरोग्याच्या नोंदींचं), औषधांची यादी, लांब वायरचा चार्जर सोबत असू द्या.

आणि वॉर्डात मूल खालावतंय असं वाटूनही कुणी ऐकत नसेल, तर इंग्लंडमध्ये ‘मार्थाज रूल’ आहे. मार्था मिल्स ही मुलगी 2021 मध्ये, चौदाव्या वाढदिवसाच्या थोडं आधी, जंतुसंसर्गाने गेली. तिच्या आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती. त्यांच्या प्रयत्नांतून 2024 पासून आधी 143 रुग्णालयांत ही सोय आली: वॉर्डाबाहेरच्या अतिदक्षता पथकाला दिवसरात्र केव्हाही पालक स्वतः फोन करू शकतात. नंबर भिंतीवर असतो. आपल्याकडे ‘डॉक्टरांना राग येईल’ म्हणून लोक गप्प बसतात. तो फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही, हे वाक्य पोस्टरवर मोठ्या अक्षरांत घाला.

प्रसाद

—

प्रेषक: मंजिरी

कार्डाचा मसुदा जोडला आहे. 14 शब्द झाले: आई, बाबा, पाणी, मम्मं, शू, शी, बाऊ, दुखतंय, नको, हो, जोजो, पापा, गार वाजतंय, भीती वाटते. शलाका, एकदा नजर टाकशील?

—

प्रेषक: शलाका

ताई, तीन दुरुस्त्या. ‘पाणी’समोर नुसतं ‘वॉटर’ लिहू नका. नळी काढल्यावर काही तास गिळणं सुरक्षित नसतं, आणि सगळ्यांत जास्त वेळा मूल हेच मागतं. तिथे लिहा: ‘तहान लागली आहे, नर्सला विचारून ओल्या स्पंजने ओठ भिजवा.’ दुसरं, ‘आई गं’ वेगळं घाला. मूल दुखलं तरी तेच म्हणतं आणि नर्स आईला उठवायला जाते. तिसरं, घरच्या नावाच्या रकान्यासाठी सोडलेली जागा फार लहान आहे. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून वाचता आलं पाहिजे.