टक्केवारीवर बिलिंग देण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात डूला (बाळंतपणात बाईला आधार देणारी सोबतीण) म्हणून मेडी-कॅलच्या, म्हणजे राज्याच्या मेडिकेड योजनेतल्या, बायकांचं काम घेतलं, बिलं नाकारून परत येतात आणि एक बिलिंगवाला वसुलीचे दहा टक्के मागतोय. थोडं थांबा.

मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) केंद्रीय नियमानुसार पैसे बिलिंग एजंटच्या हातातून जाणार असतील, तर त्याचा मोबदला वसुलीच्या टक्केवारीवर ठरवता येत नाही. बिलामागे ठरावीक रक्कम बोला आणि पैसे थेट तुमच्या खात्यात येऊ द्या. हिपा या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखालचा करारही आधी करा, कारण बाळंतिणीची माहिती त्याच्या हाती जाणार.

पण बिलं परत का येतात, हे आधी बघा. मेडी-कॅलमध्ये डूला सेवा १ जानेवारी २०२३ पासून आहे, पण बहुतेक बायका कुठल्यातरी मॅनेज्ड केअर प्लॅनमध्ये (राज्यासाठी मेडी-कॅल चालवणारी आरोग्य विमा योजना) असतात. म्हणजे बिल राज्याकडे नाही, प्लॅनकडे. प्लॅन मध्येच बदलतोही, म्हणून प्रत्येक भेटीच्या दिवशी पात्रता तपासा. (कंटाळवाणं आहे, पण निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.) पहिल्या भेटीचा कोड झेड १०३२, आणि त्याला जोडायचं दोन अक्षरी चिन्ह, एक्सपी मॉडिफायर, विसरू नका.

मदतीसाठी आधी प्लॅनच्या प्रोव्हायडर रिलेशन्सला (सेवा देणाऱ्यांना मदत करणारा विभाग) फोन करा, फुकट असतो. परत आलेलं एक बिल समोर ठेवा आणि कुठला रकाना चुकला ते ओळीओळीने विचारा. मग स्थानिक डूला गटात चौकशी करा. तिथे बिलिंग कोण करतं हे कळतं, आणि कोणाकडे जाऊ नये हेही.