'नैसर्गिक आपत्ती' की अस्मानी-सुलतानी?

प्रश्न : अमेरिकेतल्या कॅटरिना वादळावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'नैसर्गिक आपत्ती' लिहिताना हात अडखळतो. लेखाचा सगळा रोख, काळ्या आणि गरीब वस्त्या जास्त का भरडल्या, यावर आहे. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : 'आपत्ती'त दोष नाही. आ + पद्, म्हणजे येऊन पडणं, ओढवणं. कुणामुळे, ते हा शब्द सांगत नाही. 'नैसर्गिक' मात्र सांगून मोकळा होतो. आपल्याकडे 'अस्मानी-सुलतानी' आहे की! वादळ अस्मानी. पण न्यू ऑर्लिन्सचे काही कालवे काठोकाठ भरायच्या आधीच त्यांच्या भिंती फुटल्या, आणि त्या सरकारी अभियंत्यांनी बांधलेल्या होत्या. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २८ ऑगस्ट २००५ ला शहर सोडायचा हुकूम निघाला. चारातल्या एकाहून जास्त घरांत गाडीच नव्हती, त्यात काळ्यांची घरं अधिक. वर महिनाअखेर, हातात पैसा नाही. त्यांनी निघायचं कसं?

दुसरं उत्तर : 'सुलतानी'त जुलूम करणारा समोर दिसतो. इथे तो दिसत नाही, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. नंतरच्या घरबांधणी अनुदानाचा नियम बघा : वादळाआधीची घराची किंमत किंवा नुकसानीचा खर्च, यातली कमी असेल ती रक्कम धरायची. समजा, दोन सारखी घरं, दोन्हींच्या दुरुस्तीला सव्वा लाख डॉलर लागणार. गोऱ्या वस्तीतल्या घराची किंमत दीड लाख, तर हिशेब सव्वा लाखावर. काळ्या वस्तीतल्या घराची किंमत साठ हजार, तर तिथेच थांबला. विटा आणि लाकूड दोघांना एकाच भावाने. नियमात वंशाचा उल्लेखही नाही! २००८ मध्ये काळ्या घरमालकांनी खटला भरला, २०११ मध्ये तडजोड झाली.

आणि लेखात 'रेफ्युजी' आला असेल तर 'निर्वासित' करू नका. आपल्याच देशातल्या नागरिकांना रेफ्युजी म्हटलं म्हणून तेव्हा काळे नेते संतापले होते. 'विस्थापित' बरा. 'वादळग्रस्त'ही जपून वापरा, त्या 'ग्रस्त'मध्ये सगळे एका मापाचे होतात.

प्रश्नकर्ती : 'नैसर्गिक' काढलं. वादळाला 'वादळ' आणि पुढच्या सगळ्याला नुसतं 'आपत्ती' लिहितेय. 'रेफ्युजी' दोनदा आला होता. एकदा एका बाईच्या तोंडी आहे, ती म्हणते मी रेफ्युजी नाही. तो तसाच ठेवला.