मदत हवी आहे: वाइनवरच्या कुंडलीच्या प्रोग्रॅमचा डेस्कटॉपवर शॉर्टकट

पैलतीर
बाबा पत्रिका करतात. त्यांचा कुंडलीचा प्रोग्रॅम एक्सपीच्या काळातला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले, आमचं मशीन ११ घेत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात लिनक्स टाकलं आणि वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम चालू केला. चालतो. पण डेस्कटॉपवर शॉर्टकट केला की चालत नाही! बाबा ७१ वर्षांचे आहेत, फोल्डरात फोल्डर उघडत जाणं त्यांना जमत नाही. परवा गुणमेलनासाठी माणसं येणार आहेत आणि मी उद्या रात्री पुण्याला परत जातेय. प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी
कुठलं लिनक्स? कुठला डेस्कटॉप? वाइन कुठून घेतलं? आणि 'चालत नाही' म्हणजे नक्की काय होतं: काहीच उघडत नाही, की एरर येते?

जुनं खोड
वाइनच्या भानगडीत पडूच नका. व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात विंडोज ७ टाका. मी टॅलीचं जुनं व्हर्जन असंच चालवतो, कसलाही त्रास नाही.

पैलतीर
मिंट २२, सिनॅमन. वाइन सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतलं. रॅम ४ जीबी आहे, व्हर्च्युअलबॉक्स झेपणार नाही.

टर्मिनलप्रेमी
प्रोग्रॅम ३२ बिटचा असणार. आय३८६ आर्किटेक्चर (३२ बिटच्या पॅकेजांची सोय) जोडलंय का? ते आधी करा, मग वाइन-३२ टाका. शिवाय वाइनप्रीफिक्स (वाइन ज्या फोल्डरात आपलं विंडोज मांडतं तो) वेगळा ठेवा. सगळे प्रोग्रॅम एकाच प्रीफिक्समध्ये कोंबणं ही वाईट सवय आहे.

रात्रपाळी
अहो, फोल्डरातून तो चालतोय असं त्या लिहितात. म्हणजे ३२ बिटचा प्रश्न सुटलेलाच आहे. ताई, एरर काय येते ते सांगा ना.

अक्षवृत्त
थोडं अवांतर. बाबा लाहिरी अयनांश (राशिचक्राचा आरंभबिंदू धरायची पद्धत) घेतात की रमण? लिनक्सवर 'मैत्रेय' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, ग्रहस्थिती चोख काढतो. जुन्यात अडकून राहायचं कशाला?

पैलतीर
लाहिरी. दाते पंचांग शेजारी ठेवून पडताळतात. पण बाबांच्या जवळजवळ वीस वर्षांच्या पत्रिका या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फायलींमध्ये आहेत, त्या दुसरीकडे उघडत नाहीत. प्रोग्रॅम बदलणं शक्य नाही.

शॉर्टकटवर क्लिक केलं की एक चौकट येते: शहरांची फाइल सापडत नाही. ओके दाबलं की बंद. फोल्डरात जाऊन डबल क्लिक केलं तर ही चौकट येत नाही.

बाटलीबंद
बॉटल्स वापरा, वाइन सोपं करणारं अ‍ॅप आहे. 'अ‍ॅड डेस्कटॉप एंट्री' दाबलं की शॉर्टकट तयार.

टर्मिनलप्रेमी
बॉटल्स फ्लॅटपॅकमधून (अ‍ॅपला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं पॅकिंग) येतं, बाहेरची फोल्डरं त्याला आपोआप दिसत नाहीत. एक दिवस हातात असताना त्यांना परवानग्यांच्या मागे कशाला लावता?

रात्रपाळी
शहरांची फाइल, हे आधी सांगायला हवं होतं :) तुमचा प्रोग्रॅम अक्षांश-रेखांशाची फाइल 'मी आत्ता ज्या फोल्डरात आहे तिथे' शोधतो. डबल क्लिक केलं की वाइन त्याला त्याच्याच फोल्डरातून सुरू करतं. शॉर्टकटवरून मात्र तो बहुतेक तुमच्या होम फोल्डरातून सुरू होतो, आणि तिथे ती फाइल नाही.

शॉर्टकटवर राइट क्लिक करून तो टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत 'एक्झेक' ने सुरू होणारी ओळ असेल. तिच्याखाली नवी ओळ लिहा: 'पाथ', बरोबरचं चिन्ह, आणि पुढे प्रोग्रॅम ज्या फोल्डरात आहे त्याचा पूर्ण पत्ता, स्लॅश-होमपासून. (सगळं रोमन अक्षरांतच टाइप करायचं.) होम फोल्डरासाठी टिल्डचं चिन्ह (~) वापरू नका, तिथे ते चालत नाही.

टर्मिनलप्रेमी
त्यापेक्षा एक्झेकमध्येच 'वाइन स्टार्ट स्लॅश-युनिक्स' आणि पुढे प्रोग्रॅमचा पत्ता द्यावा. स्टार्ट स्वतःच प्रोग्रॅमच्या फोल्डरात जातं. एका ओळीत काम.

रात्रपाळी
तेही चालतं. पण पाथची ओळ सहा महिन्यांनी कोणी वाचली तरी कळते.

पैलतीर
पाथ लिहिलं. आता क्लिक केल्यावर काहीच होत नाही, चौकटसुद्धा येत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे, म्हणून दोन्हीकडे अवतरणचिन्हं दिली.

रात्रपाळी
तिथेच चुकलं. एक्झेकच्या ओळीत मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं हवीत. पाथच्या ओळीत मुळीच नकोत, नाहीतर ती चिन्हं फोल्डरच्या नावाचाच भाग धरली जातात. काढून बघा.

पैलतीर
झालं!!! उघडलं! शहरांची यादी आली, सांगली-मिरज सगळं आहे. दोन तास घालवले होते यावर. खूप खूप आभार.

अजून एक: आयकॉन म्हणून नुसता कागद दिसतोय. बाबा जुन्या गणपतीच्या चित्रावरूनच प्रोग्रॅम ओळखतात.

टर्मिनलप्रेमी
आयकोयुटिल्स नावाचं पॅकेज घ्या. त्यातलं रेसटूल ईएक्सईमधून आयकॉन बाहेर काढतं आणि आयकोटूल त्याची पीएनजी करतं. मग 'आयकॉन' च्या ओळीत त्या पीएनजीचा पत्ता. त्याच शॉर्टकटची एक प्रत होममधल्या डॉट-लोकल, शेअर, अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरात ठेवा, म्हणजे मेनूतही दिसेल आणि डेस्कटॉपवरून चुकून पुसला गेला तरी हरवणार नाही.

जुनं खोड
झालं ते चांगलं झालं. पण ताई, जायच्या आधी पत्रिकांच्या फायलींची प्रत काढा. वाइनचं फोल्डर नावापुढे टिंब असल्यामुळे लपलेलं असतं, कंट्रोल-एच दाबल्याशिवाय दिसत नाही. उद्या कोणी होम फोल्डरातल्या दिसतील तेवढ्याच फायली उचलून नवं मशीन केलं, तर वीस वर्षांचं काम गेलं. माझ्या भावाच्या दुकानाची खाती अशीच गेली.

पैलतीर
काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता दोन पेनड्राइव्हवर प्रत काढली, एक माझ्याबरोबर पुण्याला नेतेय. गणपती दिसायला लागला. बाबांनी स्वतः क्लिक करून शेजारच्या बाळाची पत्रिका काढून पाहिली, प्रिंटही निघाली.