दुर्गम भागातील लांबच्या प्रवासासाठी वापरलेली गाडी कशी पारखली? आपले अनुभव लिहावेत

येत्या जूनमध्ये कोल्हापूरहून निघून मनालीमार्गे लेहला जाण्याचा आणि त्याच गाडीने परत येण्याचा आम्हा चौघांचा बेत पक्का झाला आहे. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होईल. त्यातला मनाली ते लेह हा सव्वाचारशे किलोमीटरचा टप्पा तर असा आहे की, लाहौलमधील तांदीच्या पंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटीच लावलेली होती. नवी गाडी घेणे परवडणारे नाही, म्हणून साडेपाच लाखांपर्यंतची वापरलेली गाडी पाहत आहे. गेल्या तीन आठवड्यांत सात गाड्या पाहिल्या. ‘गाडीला एक रुपयाचे काम नाही’ असे प्रत्येक विक्रेत्याने सांगितले, आणि त्यांतल्या एका गाडीखाली आमच्या देखतच तेलाचा थेंब पडला. अमुक कंपनी चांगली की तमुक, हा माझा प्रश्न नाही. समोर उभी असलेली ती एक गाडी भरवशाची आहे की नाही, हे आपण कसे ओळखले आणि कुठे फसलात, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

शाहूपुरीतून, एक व्यापारी

माझा अनुभव कोल्हापूरकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरी, व्यापारी पेठ ह्या भागांत किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी मी एक डिझेल गाडी घेतली. रंग चकचकीत, आसनांना नवी आवरणे, आणि किंमत बाजारभावापेक्षा पाऊण लाखाने कमी. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील पासिंगची असल्यामुळे पुराची शंका मनाला शिवलीच नाही. वास्तविक कृष्णाकाठच्या गावांतही त्याच आठवड्यात तेच घडले होते.

जानेवारीत कुटुंबासह कच्छला गेलो. रापर सोडून धोळावीराकडे जाताना, दोन्ही बाजूंना मैलोगणती वस्ती नसलेल्या रस्त्यावर, चालकासमोरचे इशाऱ्याचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद पडले. एका मालवाहू टेम्पोने दोर बांधून आम्हांला रापरपर्यंत ओढत आणले. तिथल्या वायरमनने चालकाच्या पायाजवळचा गालिचा उचलला, वायरिंगचा एक जोड उघडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आतली तांब्याची टोके गंजून हिरवी झालेली होती, आणि बोटाने पुसल्यावर पिठासारखा बारीक गाळ हाताला लागला. तो गाळ मी ओळखला, कारण आमच्या दुकानाच्या फरशीवरून तसाच गाळ आम्ही आठवडाभर धुऊन काढला होता.

तेव्हापासून कोणीही गाडी पाहायला बोलावले, तर मी पहिल्यांदा आसनाचा पट्टा मुळापर्यंत ओढून पाहतो. आसने धुतात, गालिचे बदलतात, पण गुंडाळीच्या आत राहिलेला पट्टा कोणी धूत नाही. तिथे पाण्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. आसनाखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या दिव्याच्या काचेच्या आतील धुरकट पट्टा, हेही पाहावे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, त्यामुळे त्या वर्षाच्या आधी पासिंग झालेली आपल्या भागातील गाडी ह्या तपासणीशिवाय घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

उद्यमनगरातून, गॅरेज चालवणारा

सव्वीस वर्षे ह्या धंद्यात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असे मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर त्या दिवशी परत फिरावे. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ सेल्फ मारावा लागतो आणि कोणत्या रंगाचा धूर येतो, ह्यावरून जे कळते ते गरम इंजिनावर कळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत जाते आहे, असे समजावे. त्यानंतर ऑइल भरायचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातली पट्टी) गेल्याचा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना त्या तोंडातून धुराचा जोरदार भपका येत असेल, तर बोअर-पिस्टनचे काम जवळ आले आहे.

लेहला जाणाऱ्यांनी रेडिएटरच्या झाकणाकडे विशेष लक्ष द्यावे. मनालीच्या रस्त्यावरील ‘तंगलंग ला’ ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंच आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिन मात्र ९० अंशांच्या आसपास चालते. म्हणजे तिथे गाडी थंड राहते ती केवळ झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. त्या झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर जी गाडी कोल्हापुरात वर्षभर कधी तापली नाही, ती खिंडीत उकळेल. काही शे रुपयांची वस्तू आहे. जुन्या गाडीत ती न विचारता बदलावी, आणि रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न भरता कूलंटच भरावे.

कोणती गाडी घ्यावी, ह्याबद्दल एकच सांगतो. आपण ज्या भागात जाणार आहोत तिथले टॅक्सीवाले काय चालवतात, ते पाहावे. लडाखमध्ये इनोव्हा, स्कॉर्पिओ आणि स्पितीत सुमो, बोलेरो अनेक वर्षे धावत आहेत, त्यामुळे तिथल्या मिस्त्रीचा हात त्या गाड्यांवर बसलेला असतो आणि क्लच प्लेट किंवा फॅन बेल्ट मिळण्याची शक्यता राहते. आपल्याकडे दुर्मीळ असलेली परदेशी गाडी स्वस्तात मिळाली, तरी तिचा सेन्सर स्पितीतल्या काझा गावात मिळणार नाही.

राजारामपुरीतून, एक प्राध्यापिका

मिस्त्रीदादांच्या लिखाणात थोडी भर घालते. आम्ही उभयता नऊ वर्षांच्या वापरलेल्या पेट्रोल हॅचबॅकने किन्नौरमार्गे काझापर्यंत जाऊन आलो, तेव्हा मोठीच गाडी हवी असे नाही. दोघांनाच जायचे असेल आणि सामान बेताचे असेल, तर हलकी गाडी घाटात उलट सोपी पडते. मात्र इंजिनाखाली सम्प गार्ड, म्हणजे ऑइलचे भांडे वाचवणारा पत्रा, बसवून घ्यावा. एका नाल्यातील दगड आमच्या गाडीला असा लागला की, गार्डला खोल पोचा आला आणि ऑइलचे भांडे वाचले.

गाडी घेताना टायरच्या खाचा किती खोल आहेत, एवढेच आम्ही पाहिले होते. निघण्याच्या आठवड्यात टायरवाल्याने बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या स्टेपनीवर २३१२ होते, म्हणजे ते टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. एकदाही रस्त्याला न लागलेले, दिसायला कोरे, आणि वाकवताच बाजूला बारीक भेगा.

कागलहून, एक वकील

यंत्राइतकीच कागदपत्रांची तपासणी महत्त्वाची आहे. माझ्या मेहुण्यांनी बेळगावहून कर्नाटक पासिंगची गाडी घेतली. आरसी त्यांच्या नावावर झाली, पण विमा जुन्या मालकांच्याच नावावर राहिला. परराज्यात गाडी दरीच्या कठड्याला घासली, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने ह्याच कारणावरून नाकारला. नाव बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. एजंटाने मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या आणि काम झाले, असे सांगितले. परराज्यातील गाडीसाठी त्याआधी फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी इथे ठेवायची असल्यास महाराष्ट्राचे पासिंग करून कर भरावा लागतो. त्यामुळे ‘स्वस्त’ किमतीत ही रक्कम मिळवूनच विचार करावा. जुन्या गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरल्याची नोंद आरसीवर झालेली पाहावी. बँकेचे नुसते पत्र पुरेसे मानू नये.

आणखी एक गोष्ट करावी. मालकांकडून मागील दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागून घ्याव्यात. दावा केला नसेल, तर ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे हप्त्यातील सूट, दरवर्षी वाढत जातो. तो मध्येच शून्यावर आलेला दिसला, तर त्या वर्षी काय घडले होते, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

गोकुळ शिरगावहून, कारखान्यात नोकरी करणारा

डिझेल गाडी दहा वर्षांहून जुनी असेल, तर दिल्ली आणि आसपासच्या भागातून मार्ग आखू नये. तिथे अशा गाड्यांवर निर्बंध आले आहेत आणि त्यांबाबतचे आदेश बदलत राहतात. मी राजस्थानातून हरियाणाच्या पश्चिम भागातून चंडीगढला गेलो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. पहिला मालक ती गाडी केवळ शहरात चालवत असेल, तर तो फिल्टर तुंबलेला असू शकतो. महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवून त्याचा दिवा लागतो का, हे पाहूनच मी व्यवहार केला.

राधानगरीहून, एक शेतकरी

आम्ही मे महिन्यातल्या प्रवासासाठी गाडी नोव्हेंबरातच घेतली, आणि माझ्या मते आमचे सगळे त्यामुळेच निभावले. त्या सहा महिन्यांत पाच माणसे आणि वर दोन पोती भात भरून फोंडा घाट, आंबोली, गगनबावडा असे साडेतीन हजार किलोमीटर फिरवले. रिकाम्या गाडीत जो आवाज कधीच आला नव्हता, तो फोंड्याच्या उतारावर मागच्या उजव्या चाकातून घुमू लागला. बेअरिंग गेले होते. दुसऱ्या खेपेला ब्रेक तापून पॅडल नरम लागले, तेव्हा कळले की ब्रेक ऑइल किती वर्षांत बदललेले नाही, ते कोणालाच माहीत नव्हते. दोन्ही कामे घरापासून तासाभराच्या अंतरावर झाली. प्रत्येक वेळी किती डिझेल आणि किती इंजिन ऑइल लागले, ते माझ्या मुलीने वहीत लिहून ठेवले. हजार किलोमीटरला किती ऑइल कमी होते, हे माहीत असल्यामुळे वाटेत किती डबे बरोबर ठेवायचे, हा प्रश्न राहिला नाही.

मूळ धागाकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाचगावातील एक इनोव्हा रविवारी सकाळी सात वाजता पाहायला जात आहे. गाडी शनिवार रात्रीपासून सुरू करू नये, असे मालकांना सांगितले आहे आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले. मागील तीन वर्षांच्या पॉलिसी काढून ठेवण्याचीही विनंती केली आहे. गाडी २०१४ ची आहे, म्हणजे दोन्ही पुरांच्या आधीची. सर्वांत आधी मागच्या आसनांचे पट्टे मुळापर्यंत ओढून पाहणार आहे. जे दिसेल ते इथे कळवतो.