बाइंडिंग नको!

ठाण्यातल्या नौपाड्याच्या रद्दीवाल्याकडे 'कोसला'ची (भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी) जुनी प्रत मिळाली, मुखपृष्ठ फाटलंय, तर बाइंडिंग करून घेऊ का, असं एकांनी विचारलंय. अजिबात नको! बाइंडर कडा कापतो, मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो, आणि संग्राहकांचा जीव नेमका त्यातच अडकलेला असतो. आधी शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू बघा. पहिली आवृत्ती असेल तर तिथे १९६३ हे साल आणि 'देशमुख आणि कंपनी' हे प्रकाशकाचं नाव हवं. पॉप्युलर प्रकाशनाची प्रत असेल तर ती नंतरची. 'पुनर्मुद्रण' बारीक अक्षरात कुठे लपलंय का, तेही पाहा. वाचनालयाचा शिक्का असला की भाव उतरतो (मला मात्र ते शिक्के आवडतात). ठाण्याच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकलेलं कपाट म्हणजे कसरीला (पुस्तकं खाणाऱ्या किडीला) आमंत्रणच, चार बोटं पुढे ओढा. आणि सेलोटेप लावू नका, त्याचा पिवळा डाग जन्मात जात नाही.